हसऱ्या फोटोचा ताप

गवंड्याला हसताना पाहिलेली माणसं फार नव्हती. स्वभावाने तो वाईट नव्हता, पण कपाळावर कायमची एक आठी असायची, जणू समोरची भिंत ओळंब्यात नाही आणि ते फक्त त्यालाच दिसतंय. लग्नाच्या फोटोतही तो असा काही उभा होता की बायको म्हणायची, बघणाऱ्याला वाटेल मी तुम्हाला मुसक्या बांधून आणलंय. त्यामुळे ज्याचा हसरा चेहरा पाहून पुढे इतकी माणसं फसली तो माणूस हाच, यावर त्याचा स्वतःचाही पटकन विश्वास बसला नाही.

गिलावा करण्यात त्याचा हात बसलेला होता. पण गावाकडे बांधकामं थंडावली, दोन मुलांच्या शाळा डोक्यावर आल्या, आणि अशात एके दिवशी फोनवर जाहिरात येऊन पडली. परमुलखात कुशल गवंडी पाहिजेत. आठ तास काम, जास्तीच्या कामाचा वेगळा पगार, दोन वेळचं जेवण, आजारपणाचा विमा. खाली राहण्याच्या खोलीचा फोटो होता. पांढरी चादर घातलेला पलंग, निळा पडदा, खिडकीत कुंडी. बायकोने तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला आणि म्हणाली, इतकी चांगली खोली मजुराला फुकट कोण देतं? तुला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते, असं म्हणून गवंड्याने तिचं तोंड बंद केलं. हे वाक्य पुढे तिने त्याला किती वेळा ऐकवलं याला गणती नाही.

तिथे पोहोचल्यावर कळलं की नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. खोली म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. लोखंडी खाटांवर खाटा, आणि मधून जायचं तर वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांखालून वाकून. दुपारी पत्रा असा तापायचा की आजारी पडलेला माणूससुद्धा नको ती विश्रांती म्हणून कामावर यायचा. आठ तासांची गोष्ट खरी होती. फक्त ते संपले की मुकादम पुढचे तास मोजायला विसरायचा. पगारातला काही भाग कंपनी मागे ठेवायची, कारण सगळा दिला तर तुम्ही तो उडवाल, असं मुकादम अगदी मायेने सांगायचा. आणि ओळखपत्रं, प्रवासाचे कागद पहिल्याच दिवशी 'सांभाळून ठेवण्यासाठी' काढून घेतलेले. दगडाखाली हात सापडल्यावर माणूस जोरात ओरडतही नाही. गवंडीही ओरडला नाही. नुसता धुसफुसत राहिला.

पहिल्याच आठवड्यात कंपनीचा भरतीसाहेब एका फोटोवाल्याला घेऊन साइटवर आला. भरतीसाहेब म्हणजे माणसं जमा करून आणण्याचं खातं सांभाळणारा, इस्त्रीच्या कपड्यांतला गृहस्थ. त्याने दोन-चार जणांना बाजूला काढलं, त्यात गवंडीही होता. गवंड्याच्या डोक्यावर कोरी पिवळी टोपी आली, अंगावर घडीच्या खुणाही न मोडलेलं जाकीट आलं. थापी हातात धर, इकडे बघ, हस, असा हुकूम सुटला. गवंडी हसेना. फोटोवाला कंटाळला, मागचे मजूर कुजबुजू लागले. शेवटी हसायचं कसं असतं ते दाखवायला भरतीसाहेब स्वतः दात काढत पुढे आला आणि त्याचा चकचकीत बूट थेट मालाने भरलेल्या घमेल्यात गेला. सिमेंट घोट्यापर्यंत. मग मात्र गवंड्याला राहवलं नाही. डोळे बारीक करून, मान मागे टाकून तो खदखदून हसला, आणि नेमकं तेव्हाच फोटोवाल्याने बटण दाबलं. लगेच टोपी आणि जाकीट काढून घेऊन खोक्यात भरलं गेलं, आणि गवंडी आपल्या जुन्या बनियनवर पुन्हा भिंतीला लागला.

मध्यंतरी आणखी एक शोध लागला. इमारतीच्या तळमजल्यावर घर घेणाऱ्या गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी एक नमुन्याचा फ्लॅट सजवून ठेवला होता. त्याच्या भिंतीला ओल आली म्हणून गवंड्याला आत पाठवलं. चपला बाहेर काढून आत पाऊल टाकलं आणि तो जागीच उभा राहिला. पांढरी चादर, निळा पडदा, खिडकीत कुंडी. कुंडीतलं झाड प्लास्टिकचं. पलंग तर आखूड, खोली मोठी दिसावी म्हणून मुद्दाम तसा बनवलेला. त्याच्यावर झोपायचं तर माणसाने गुडघे घरी ठेवून यायला हवेत. गवंड्याने भिंतीची ओल खरवडली, गिलावा चढवला आणि खरवडलेला राडा गोळा करताना त्या चादरीला आपले हात चांगले खसाखसा पुसले. परमुलखात आल्यापासून त्याला झालेलं ते पहिलं समाधान.

काही महिन्यांनी माणसांची नवी तुकडी आली. त्यात एक सुतार होता, वयाने गवंड्याहून मोठा, बोलायला फटकळ. जेवणाच्या रांगेत तो गवंड्याकडे एकटक बघत राहिला, मग ताट खाली ठेवून त्याने खिशातून फोन काढला.

"हे तुम्हीच ना?"

फोनवर पिवळ्या टोपीतला गवंडी खदखदून हसत होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'इथे मला घरच्यासारखं वाटतं. तुम्हीही या!'

"मी असं कधीच म्हणालो नाही," गवंडी म्हणाला.

"मग हसताय कशाला?"

आता याला उत्तर काय द्यायचं? साहेबाचा बूट घमेल्यात गेला होता, हे सांगून बघितलं. सुताराला ते पटलं नाही, इतरांना तर अजिबात नाही. आम्ही तुमचं तोंड बघून आलो, असं जो तो येऊन सुनवायला लागला. पाण्याची टाकी रिकामी झाली, गवंड्याकडे बघायचे. भातात खडे आले, गवंड्याकडे बघायचे. त्याचं नावच 'जाहिरात' पडलं. ए जाहिरात, जरा सरक. जाहिरातीला विचारा, विमा कधी मिळणार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, असं गवंडी स्वतःशी पुटपुटायचा आणि थापी भिंतीवर अशी आपटायचा की माल उडून त्याच्याच तोंडावर यायचा.

मुकादमाकडे तक्रार नेली तर त्याने पाठीवर थाप मारली. नशीबवान आहेस लेका, म्हणाला, आमचे फोटो कोण काढतं?

त्यात बायकोचा फोन आला. तीही ती जाहिरात बघून बसली होती. सगळ्या गल्लीने बघितली होती, शेजारणीने तर मुद्दाम घरी येऊन दाखवली. इतके दिवस गवंडी तिला फोनवर सांगत होता की हाल चाललेत, पैसे पुरेसे पाठवता येत नाहीत कारण पगारच पूर्ण हातात पडत नाही. आणि इकडे हा चेहरा. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली, "माझ्याबरोबर इतकी वर्षं काढली, पण असं एकदाही हसला नाहीत." गवंड्याने बूट, घमेलं सगळं पुन्हा सांगितलं. आपलं खरं बोलणंच आपल्याला खोटं वाटायला लागलंय, हे त्याला त्या दिवशी जाणवलं. शेवटी तिने मूळ बातमी दिली. तिचा धाकटा भाऊ, गवंड्याचा मेहुणा, रिक्षा विकून एजंटाचे पैसे भरून बसला होता. पुढच्या तुकडीत येणार होता.

गवंड्याने ताबडतोब मेहुण्याला फोन लावला. मेहुणा म्हणजे दोन लेकरांचा बाप, पण अजून कोणी टाळी दिली की निघाला. वायरमनचं काम थोडंफार येत होतं आणि बोलणं भरपूर येत होतं. गवंड्याने त्याला जीव तोडून सांगितलं की येऊ नकोस, सगळी फसवणूक आहे. पलीकडून मेहुणा हसला. म्हणाला, "भाऊजी, तुमचं चांगलं झालं, आता आमचंही होऊ द्या की. पोटात कशाला दुखतंय?" गवंड्याने फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मेहुणा आला. वायरमन म्हणून घेतलेल्या माणसाच्या हातात पहिल्या दिवशी फावडं दिलं गेलं आणि वाळूचा ढीग दाखवला गेला. गवंड्याला वाटलं, आता तरी याचे डोळे उघडतील. पण मेहुण्याचा स्वभाव असा की आगीतून फुफाट्यात पडला तरी म्हणेल, इथे निदान धूर नाही. सुरुवातीला सगळीकडे असंच असतं, असं तोच गवंड्याला समजावू लागला. वाळू वाहिल्याने दंड भरतात. पत्र्याच्या शेडमध्ये घाम येतो, अंगातली घाण निघून जाते. गवंड्याला त्याची दया येत होती, रागही येत होता, आणि यातलं जास्त काय येतंय याचा त्याला निवाडा करता येत नव्हता.

मग एक दिवस फळ्यांच्या ढिगाऱ्यावरून उतरताना मेहुण्याच्या पायात गंजका खिळा गेला. चप्पल फोडून आरपार. कंपनीने पहिल्या दिवसापासून बूट देऊ देऊ म्हणून सांगितलं होतं. पाय सुजला, लाल झाला, ताप चढला. विम्याचं काय, असं गवंड्याने विचारलं तेव्हा मुकादम म्हणाला की विमा इमारतीचा आहे. जवळच्या धर्मादाय दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि बजावलं, याला मोठ्या इस्पितळात न्या, उशीर केलात तर पाय जाईल. मोठ्या इस्पितळात ओळखपत्र मागितलं. ओळखपत्र कंपनीकडे. कंपनीचा मुकादम म्हणाला, कागद माझ्याकडे नाहीत, मुख्य कचेरीत आहेत. कचेरीत फोन केला तर म्हणाले, मुकादमामार्फत या.

गवंडी आधी कामगार खात्यात गेला. रांगेत उभा राहिला, खिडकीशी पोहोचला. तिथल्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं, कंपनीचं नाव विचारलं आणि आपल्या फोनवर शोधलं. मग चष्मा कपाळावर चढवून त्याने फोन गवंड्यासमोर धरला.

"इथे तर तुम्ही स्वतःच म्हणताय, घरच्यासारखं वाटतं."

गवंड्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते मी म्हणालो नाही, तो म्हणाला. मग कोण म्हणालं, कारकुनाने विचारलं. तेच शोधायला तुमच्याकडे आलोय, असं गवंडी म्हणाला, तेव्हा कारकुनाने तक्रार लिहून घेतली, शिक्का मारला आणि चौकशी होईल म्हणून सांगितलं. कधी, ते नाही सांगितलं.

तिथून तो तडक कंपनीच्या भरती कचेरीत गेला. कपडे कामावरचेच होते, कोपरापर्यंत वाळलेलं सिमेंट, केसांत पांढरी धूळ. काचेचं दार ढकललं तर आत गार हवा, ओळीने खुर्च्या आणि त्यांवर नोकरीच्या आशेने आलेली माणसं, मांडीवर कागदांच्या पिशव्या घेऊन. समोरच्या भिंतीवर छतापर्यंत पोहोचलेला गवंडी हसत होता. एकेक दात पंज्याएवढा.

टेबलावरच्या बाईने मान वर न करता सांगितलं, साहेब कामात आहेत, बसा. गवंडी बसला. जागा एकच रिकामी होती, त्या चित्राच्या बरोबर खाली. तो काही मनात ठरवून बसला नव्हता. त्याला फक्त कागद हवे होते.

पण समोरची माणसं बघायला लागली. आधी भिंतीकडे, मग त्याच्याकडे, पुन्हा भिंतीकडे. शेवटी एक वयस्क गृहस्थ, मुलाला भरती करायला घेऊन आलेला, वाकून म्हणाला, "तुम्हीच का हो ते? राहायची खोली कशी आहे?"

"खोली नाही," गवंडी म्हणाला. "पत्र्याची शेड आहे. फोटोतला पलंग गिऱ्हाइकांना दाखवायचा आहे."

गृहस्थाने पुढचं विचारलं, मग त्याच्या बाजूच्याने विचारलं. जेवण? पगार? विमा? गवंडी एकेकाला उत्तर देत गेला. आवाज चढवला नाही, कोणाला शिवी दिली नाही. कागद कुठे असतात, असं एका बाईने विचारलं. तिचा नवरा अर्ज भरत होता. गवंडी म्हणाला, तेच मागायला मी इथे बसलोय, माझ्या मेहुण्याचा पाय सडतोय. त्या बाईने नवऱ्याच्या हातातून पेन काढून घेतलं. वयस्क गृहस्थ मुलाला म्हणाला, चल. बघता बघता निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या.

टेबलावरची बाई घाईने आत गेली आणि भरतीसाहेब बाहेर आला. आत चला, चहा घेऊ, असं गोड आवाजात म्हणाला. गवंडी म्हणाला, चहा नको, कागद द्या. साहेबाने आवाज खाली आणून सांगितलं की तुम्ही इथे बसून कंपनीची बदनामी करताय.

"मी काहीच बोललो नाही," गवंडी म्हणाला. "विचारलं त्याचं उत्तर दिलं. तुम्ही मात्र मला न विचारताच माझ्या तोंडी वाक्य घातलंत."

बाकीची माणसं ऐकत होती. साहेब आत गेला आणि मेहुण्याचे कागद घेऊन आला. गवंड्याने बाकीच्यांचेही मागितले. ते नंतर बघू, असं उत्तर मिळालं. मेहुण्याचा पाय थांबणारा नव्हता, म्हणून गवंडी निघाला. इस्पितळात पाय वाचला, पण टाच पूर्वीसारखी टेकली नाही. पुढे कायमच मेहुणा त्या पायाने किंचित बाजूला पडत चालायचा.

मुकादमाने गवंड्याला कामावरून काढल्याचं सांगितलं. गवंडी म्हणाला, आनंदाने जातो, माझे कागद द्या. कागद मिळणार नाहीत, असं मुकादम म्हणाला. काढून टाकायचं आणि जाऊही द्यायचं नाही, असं मुकादमाचं म्हणणं गवंड्याने त्याच्याकडूनच दोनदा वदवून घेतलं, आपण नीट ऐकलं की नाही ते बघायला. मग रोज सकाळी अंघोळ करून, पण कपडे तेच सिमेंटचे घालून, तो भरती कचेरीत जाऊन बसू लागला. त्याच खुर्चीवर. रखवालदाराने एकदा हाताला धरून बाहेर काढलं, तर तो दारात उभा राहिला आणि येणारी माणसं त्याला ओळखून थांबू लागली. आत बसलेला त्यातल्या त्यात बरा, असं वाटून रखवालदारानेच त्याला परत बोलावलं. सुट्टीच्या दिवशी सुतारही सोबत यायला लागला. आता तो 'जाहिरात' म्हणायचा ते वेगळ्या सुरात. ही आमची खरी जाहिरात, वाचून घ्या, असं लोकांना सांगायचा. गवंड्याला तेही आवडलं नाही. मला नाव आहे, तो म्हणाला.

शेवटी कंपनीने हात टेकले. साइटवरच्या सगळ्यांचे कागद एका खोक्यात भरून आले. मागे ठेवलेल्या पगारातला बराचसा मिळाला, सगळा नाही. कामगार खात्याची चौकशी तेव्हा सुरू झाली, वरातीमागून घोडं आल्यासारखी, आणि त्या कारकुनाने गवंड्याला फोन करून विचारलं की तुमची काही तक्रार होती का. भिंतीवरचं चित्र उतरलं. त्याच्या जागी दुसरं लागलं. त्यात एक गोरागोमटा तरुण होता, त्याने थापी उलटी धरली होती. लोक येत होते, अर्ज भरत होते. त्या पोराला शोधून काढून खुर्चीवर कोण बसवणार? गवंड्याला वाटलं होतं की हे सगळं संपल्यावर आपल्याला हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. नुसता थकवा आला.

बायकोला त्याने सगळं सांगितलं. तिने या खेपेस सगळं मानलं, कारण भाऊ लंगडत होता. परत या, म्हणाली. पण रिकाम्या हाताने परत जायला गवंड्याचं मन होईना. त्याच शहरात एका शाळेच्या इमारतीचं काम चालू होतं, छोटा कंत्राटदार, रोजचा पैसा रोज, कागद ज्याचे त्याच्या खिशात. गवंड्याला तिथे गिलाव्याचं काम मिळालं. मेहुण्यालाही त्याने तिथेच विजेच्या कामावर लावून दिलं, आणि दोघांनी मिळून एक खोली घेतली. खोली लहान, पण दाराला आतून कडी होती.

काही आठवडे बरे गेले. मग एका संध्याकाळी मेहुणा फोन घेऊन आला, डोळे चमकत होते. एका बंदरावर वायरमन पाहिजे होते. राहणं, जेवण, विमा, सगळं.

गवंड्याने स्वयंपाकाचं भांडं खाली उतरवलं. त्या लंगड्या पायाकडे बघून ओरडण्यात अर्थ नव्हता. त्याने मेहुण्याच्या हातून फोन घेतला आणि जाहिरातीतल्या नंबरावर लावला. पलीकडे एक गोड आवाज होता. गवंड्याने विचारलं की खोलीत माणसं किती, पगार किती दिवसांनी, कागद कोणाकडे राहणार. आवाज म्हणाला, काळजी करू नका, तिथे आल्यावर सगळं कळेल.

"तिथे आल्यावर सगळ्यांनाच कळतं," गवंडी म्हणाला. "मी आधीचं विचारतोय."

फोन कट झाला. मेहुणा म्हणाला, भाऊजी, तुम्ही फार उलटं बोलता, म्हणून ठेवला त्यांनी. त्याने पुन्हा नंबर लावला. लागला नाही. जेवताना तो फुगूनच बसला होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी निघाला तेव्हा मेहुणा आधीच बाहेर उभा होता, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून, आणि उशीर कशाला करताय म्हणून त्यालाच बोल लावत होता.